नोंद जुळत नाही

माझ्या नावावर चार संगणक आहेत, आणि ते चौघं माझ्या माघारी एकमेकांशी माझ्याबद्दल बोलत असतात. एक ठाण्याच्या घरी, एक ऑफिसात, एक खिशात, आणि चौथा सांगलीला दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली. पूर्वी ते बोलत नसत. तेव्हा आमचं बरं चाललं होतं. ऑफिसातल्याला घरचं माहीत नसे, घरातल्याला ऑफिसचं, आणि सांगलीच्याला तर कशाचंच काही नसे. पाऊस लागला की दादा त्यावर नदीचं पाणी बघत, पाऊस सरला की रुमाल घालत.

मग दिवाळीला बंगळूरचा भाचा आला. फराळाची ताटली मांडीवर घेऊन त्यानं माझा लॅपटॉप उघडला, मग फोन मागून घेतला, आणि सगळे सांगलीलाच जमलो होतो म्हणून ओघानं दादांच्या डेस्कटॉपवरचा रुमालही काढला. ऑफिसच्या ब्राउझरवर माझं खातं होतंच. तेच त्यानं चकली संपायच्या आत सगळीकडे टाकून दिलं. “मामा, आता बघ. सगळीकडे सगळं सारखं.”

सगळीकडे सगळं सारखं असावं अशी मागणी मी कधी केली होती? ऑफिसात घर नसतं, म्हणून तर माणूस इतकी वर्षं लोकलला लटकून ऑफिसात जातो.

बायकोनं मात्र त्याला आपल्या फोनला हात लावू दिला नाही. तिच्या फोनमध्ये इतकी पानं उघडी असतात की ब्राउझरनं मोजणं सोडून दिलंय. अँड्रॉइडवरचा क्रोम उघडी पानं नव्व्याण्णवपर्यंत इमानदारीत मोजतो आणि मग आकड्याच्या जागी नुसता हसरा चेहरा दाखवतो. फायरफॉक्स तिथे अनंताचं चिन्ह काढतो. एक गिऱ्हाईकाला हसतो, दुसरा अध्यात्माकडे वळतो. ते काहीही असो, तिचं खातं वेगळं राहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या खात्याचा पहिला जाहीर प्रयोग ऑगस्टमध्ये ऑफिसात झाला. आमची कंपनी पंप विकते. समोर गिऱ्हाईक, भिंतीवर माझा ब्राउझर. पंपांचं पान उघडावं म्हणून मी वरच्या पट्टीत ‘पी’ दाबला, आणि भिंतीवर एकाखाली एक ओळी उतरल्या: पायाला मुंग्या येणे कारणे, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, पूल आयर्विन पाणी आज किती. मी घाईघाईनं ते झाकायला गेलो. पण गिऱ्हाईक निघालं इचलकरंजीचं. ते खुर्चीतून पुढे सरकून म्हणालं, “थांबा, थांबा. तो पूल उघडा. किती आहे पाणी?”

ज्यांनी कृष्णा-पंचगंगेचा पाऊस बघितलेला नाही त्यांना ही तगमग कळणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी फुटांत मोजतात. ४० ही इशाऱ्याची पातळी, ४५ ही धोक्याची, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या भागातला माणूस पावसाळ्यात आपलं वजन विसरेल, पण पुलाचा आकडा विसरणार नाही. आम्ही पूल उघडला. मग कोयनेतून किती सोडलंय ते बघितलं, अलमट्टीत किती साठलंय ते बघितलं. पंपांचं पान शेवटी उघडलंच नाही, पण पाणी उपसायच्या पंपांची ऑर्डर मिळाली. सगळीकडे सगळं सारखं करणाऱ्या सिंक या प्रकारानं मला झालेला हा आजवरचा एकमेव आर्थिक लाभ.

खरं म्हणजे कुरबुर जूनपासूनच सुरू होती, आणि तिचं मूळ बुकमार्कांत होतं. दिवाळीत चौघांची पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा प्रत्येकानं आपापली यादी पुढे केली. माणसं असती तर म्हणाली असती, अरे, हे तर सगळ्यांकडेच आहे, एकच ठेवू. यांनी बेरीज केली. वीजबिलाचं पान चारदा, रेल्वेचं चारदा, आणि कधीकाळी कुठल्याशा लग्नासाठी बघितलेला मंगल कार्यालयाचा पत्ता, तोही चारदा. बरं, ‘इतर’ नावाचा कप्पा प्रत्येकाकडे होता. जुळवाजुळवीत एकाचं ‘इतर’ दुसऱ्याच्या ‘इतर’मध्ये जाऊन बसलं, त्याच्या पोटात तिसऱ्याचं. आत आत उतरत गेलं की तळाला हवामान खातं भेटत असे.

एका रविवारी बसून मी ती जत्रा मोडली. उरलं ते एका नजरेत मावेल इतकं. सोमवारी ऑफिसात बघितलं तर तिथेही लख्ख. फोनवरही लख्ख. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. जूनमध्ये सांगलीला पहिला पाऊस पडला, दादांनी रुमाल काढला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाचा कप हातात घेऊन ब्राउझर उघडतो तर सगळी मंडळी परत हजर. मंगल कार्यालयसुद्धा. त्या लग्नातल्या जोडप्याचा मुलगा आता दहावीला आहे.

भाच्याला फोन लावला. “मामा, ते झोंबी आहेत,” तो शांतपणे म्हणाला. ही पिढी भीतीदायक बातम्या फार शांतपणे देते.

त्यानं जे समजावलं ते असं. संगणकाला ‘नाही’ ही गोष्ट कळत नाही. एखादी वस्तू एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, याचे दोन अर्थ होतात: तिथे ती पुसली, किंवा तिथे ती अजून पोचलीच नाही. रिकाम्या जागेकडे बघून यातलं खरं कुठलं ते ओळखता येत नाही. म्हणून पुसताना वस्तू काढून तिच्या जागी एक खूण ठेवतात, की इथे अमुक होतं, ते गेलं. या खुणेला धंद्यातले लोक टूमस्टोन म्हणतात. थडगं. आता थडगी कायमची राखली तर जिवंतांपेक्षा मेलेल्यांचीच दाटी व्हायची, म्हणून त्यांना मुदत असते. कॅसँड्रा नावाचा एक डेटाबेस आहे, फेसबुकमध्ये तयार झालेला आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुला केलेला. त्यात ही मुदत, आपण बदलली नाही तर, ८,६४,००० सेकंदांची असते. मी भागाकार केला. दहा दिवस.

दहा! कॅलिफोर्नियात बसून आकडे ठरवणाऱ्यांना कुणी गुरुजी भेटले असतील असं नाही, पण हिशोब आपलाच आहे. माणूस गेला की दहा दिवसांत सगळ्या भाऊबंदांना कळवायचं, घाटावर दहावा करायचा, कावळा शिवला की मोकळं व्हायचं. एखादा लांबचा चुलता कळवायचा राहिला आणि महिन्यानं येऊन त्यानं दारातूनच “काय म्हणतात बापूकाका?” असं विचारलं, तर आपण त्याला हळूच बाजूला घेतो. संगणकांत उलटं होतं. दहावा उरकून थडगंही काढून टाकलेलं असतं, त्यामुळे बापूकाका गेल्याचं कुणाच्याच ध्यानात नसतं. चुलता इतक्या खात्रीनं नाव घेतोय म्हणजे असणारच, असं म्हणून सगळे बापूकाकांसाठी पाट मांडतात. आमच्यातला लांबचा चुलता म्हणजे सांगलीचा डेस्कटॉप. तो आठ-आठ महिने रुमालाखाली असतो, आणि आला की आधी गेलेल्यांची चौकशी करतो.

त्यात त्याचं घड्याळ बिघडलेलं. संगणक बंद असताना वेळ राखायला आत रुपयाएवढा गोल सेल असतो, तो कधीच संपलाय. त्यामुळे दर वेळी डोळे उघडले की या डेस्कटॉपला १ जानेवारी २००९ वाटते. मग बँकेचं पान उघडायला गेलं की ते म्हणतं, हे कनेक्शन सुरक्षित नाही. कारण बँकेचं प्रमाणपत्र आजचं, आणि याच्या मते ते अजून जन्मलेलंच नाही. इंटरनेटवरून खरी वेळ मागून घेता येते. तो कधी मागतो, कधी नाही. आणि चौघांत भांडण झालं, एकाच गोष्टीची दोन रूपं समोर आली, की निवाडा बऱ्याचदा ‘नंतरचं ते खरं’ या न्यायानं होतो. २००९ मध्ये जगणाऱ्याचं काय चालणार? दादा आज दुपारी जे बदलतील ते कित्येक वर्षांपूर्वीचं ठरतं.

घड्याळांवर भरवसा ठेवून आधी-नंतर ठरवता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या गणिती माणसानं १९७८ मध्येच एका निबंधात मांडून ठेवलंय. दोन लांबच्या यंत्रांपैकी कुणाचं आधी झालं हे घड्याळ बघून नाही, तर कुणाचा निरोप कुणाला पोचला होता ते बघून ठरवायचं. मी हे सगळं पुढच्या सांगलीच्या खेपेत दादांना सांगितलं. वाटलं, म्हातारा माणूस, दमेल.

दादा दमले नाहीत. खुर्चीत ताठ झाले.

“म्हणजे इंटर-ब्रँच रिकन्सिलिएशन,” ते म्हणाले.

दादा बँकेतून निवृत्त झाले, आणि शेवटची कित्येक वर्षं त्यांनी याच खात्यात काढली. बँकांत एकच जोडलेली संगणक यंत्रणा यायच्या आधीची गोष्ट. जतच्या शाखेनं इकडे पैसे नावे टाकले, मिरजेच्या शाखेनं तिकडे जमा केले, आणि दोघांनी आपापलं पत्र टपालानं मुख्य कार्यालयाला धाडलं. एक पत्र पोचलं, दुसरं पोचलं नाही. मग नोंद लटकली. अशा लटकलेल्या नोंदी वर्षानुवर्षं राहत, आणि दादांसारखी माणसं जाड वह्या उघडून त्यांच्या जोड्या लावत बसत. ज्याला मी विज्ञान समजत होतो त्यावर त्यांनी टेबलफॅनच्या वाऱ्यात हयात घातली होती.

“तारीख दोन ठेवायच्या असतात,” ते म्हणाले. “नोंद केली ती वेगळी आणि ती लागू झाली ती वेगळी. तुमचा संगणक एकच ठेवतो की काय?”

“बहुतेक.”

“आणि तू ते बुकमार्क काय केलंस म्हणालास?”

“पुसले.”

“पुसलेस?” आमच्या लहानपणी दादांनी हा आवाज फक्त प्रगतिपुस्तकासाठी राखून ठेवलेला होता. “अरे, वहीत पुसायचं नसतं. उलटी नोंद टाकायची. आडवी रेघ मारायची, खाली सही करायची. मागचं दिसलं पाहिजे.”

मी भाच्याला हे कळवलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मामा, आजोबा बरोबर बोलतायत. मोठ्या सिस्टिम आतून तसंच करतात. काही पुसत नाहीत, नुसती पुढे पुढे नोंद करत जातात.” मला वाटलं होतं तो माझी बाजू घेईल.

त्यानं उपाय सांगितला: आधी बुकमार्क एका फाइलमध्ये उतरवून ठेव. मी उतरवले. दादांनी कुतूहलानं ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली, आणि तिच्या डोक्यावर नेटस्केपचं नाव! नेटस्केप हा १९९४ मधला ब्राउझर, त्याच्या मालकांनी १ मार्च २००८ ला त्याला निरोप दिला. पण आजही क्रोम काय किंवा फायरफॉक्स काय, बुकमार्क लिहून द्यायला लागले की पहिल्या ओळीत नाव त्याचंच घालतात. एवढंच कशाला, ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाच्या दारात उभा राहिला की आधी स्वतःचं नाव सांगतच नाही. क्रोम म्हणतो मी मोझिला, मग म्हणतो ॲपलचा वेबकिट, मग म्हणतो केएचटीएमएल, पण गेकोसारखा, मग कुठे क्रोम, आणि वर शेवटी सफारी. जुन्या काळी काही संकेतस्थळं ठरावीक नाव असल्याशिवाय चांगली पानं दाखवत नसत, म्हणून प्रत्येक नव्यानं जुन्यांची नावं लावून घेतली, आणि मग सोडायला कुणी तयार नाही. दादा म्हणाले, “म्हणजे वारस लावलेत, पण मयताचं नाव सातबाऱ्यावरून कमी केलेलं नाही.” त्याच फाइलीत वर एक सूचनाही असते, की ही आपोआप तयार झालेली आहे, हिच्यात बदल करू नये. ती वाचून दादांनी कीबोर्डवरून हात काढून घेतले. सूचना पाळणारा शेवटचा माणूस आमच्या घरात आहे.

उपायाचा दुसरा भाग: सगळीकडून बाहेर पडायचं, वरची, म्हणजे सर्व्हरवरची, प्रत रिकामी करायची, आणि ठाण्याच्या लॅपटॉपवरून नव्यानं आत यायचं. ठाण्याला परतल्यावर मी बाहेर पडलो. आत येताना त्या खात्यानं मला ओळखायला नकार दिला आणि खात्रीसाठी एक ओटीपी पाठवला. पाठवला कुठे, तर भाच्यानं दिवाळीत हाताशी होता म्हणून जो नंबर टाकला होता, त्या दादांच्या मोबाइलवर.

“दादा, एक सहा आकडी नंबर आलाय का?”

“आलाय.”

“सांगा.”

“ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो.”

“दादा, मी आहे.”

“तो चोरही हेच म्हणतो.”

“माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?”

“आवाज हुबेहूब काढतात हल्ली. पेपरात आलंय. आणि खाली स्पष्ट लिहिलंय, बँकेच्या माणसालासुद्धा सांगू नका. मी स्वतः बँकेचा माणूस. माझाच माझ्यावर संशय आहे.”

शेवटी आईनं फोन घेतला आणि आकडे सांगितले. दादांनी मागून “माझी हरकत नोंदवून घ्या” असं सांगितल्याचं मला ऐकू आलं.

त्यानंतर मला वाटलं की प्रकरण मिटलं. पण त्या धामधुमीत भाच्यानं लांबून दादांच्या डेस्कटॉपवर आणखी एक काम करून ठेवलं होतं: माझं फायलींचं फोल्डरही तिथे जोडलं होतं, “बॅकअप असावा म्हणून.” आठवड्याभरात आमच्या सेल्सवाल्यानं एक कोटेशन माझ्याकडे तपासायला टाकलं. मी उघडायच्या आत तिथे त्याची दोन रूपं दिसू लागली. दुसऱ्याचं नाव होतं ‘कोटेशन, दादांच्या संगणकावरची विसंगत प्रत’. पाठोपाठ फोन.

“अरे, तुमच्या त्या पंपांच्या हिशोबात चूक आहे. सूट दिलीय खाली आणि जीएसटी लावलाय वरच्या पूर्ण रकमेवर. आधी सूट वजा करायची, मग कर. मी दुरुस्त केलंय.”

“दादा, ते ऑफिसचं आहे.”

“मग तर नीट असायला पाहिजे.”

विसंगत प्रत बरोबर होती, सुसंगत चुकीची. आम्ही विसंगत पाठवली. सेल्सवाल्यानं मला विचारलं, तुमच्याकडे नवीन ऑडिटर कोण आलेत? तेव्हापासून तो कोटेशनं जरा लवकर टाकतो, म्हणजे संध्याकाळपर्यंत विसंगत प्रत येऊन पडते.

रुमाल आता कायमचा निघालाय. दादांनी मिरजेहून नवीन सेल आणून स्वतः बसवला, त्यामुळे डेस्कटॉप २००९ मधून बाहेर आलाय आणि रोज सकाळी नऊला सुरू होतो. त्याशेजारी आडव्या रेघांची लांबट वही असते. तिच्यात डावीकडे ‘आमच्याकडून गेले’, उजवीकडे ‘तिकडून आले’. आणि दर शनिवारी मला व्हॉट्सॲपवर त्या पानाचा फोटो येतो, खाली सहीसकट. त्यावर मजकूर साधारण असा: अनुक्रमांक एक, रेल्वेचे पान, दुबार, उलटी नोंद टाकली. अनुक्रमांक दोन, गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात, आमची नाही, तुमची असल्यास कळवावे. अनुक्रमांक तीन, मंगल कार्यालय, निकाली.

मला हे आवडायला लागलं होतं. भाच्यानं तर त्याचा फोटो बंगळूरच्या ऑफिसात दाखवला आणि तिथल्या लोकांनी म्हणे आजोबांची नोकरीची इच्छा आहे का, ते विचारलं. चौघं संगणक चार-चार महिने भांडत नाहीत. मंगल कार्यालय खरोखरच गेलं. कुणी त्याची चौकशी करत नाही. मी निर्धास्त झालो, आणि निर्धास्त माणूस जे करतो ते केलं: रात्री झोप येईना तेव्हा अंथरुणात पडल्यापडल्या फोनवर वाटेल ते शोधत बसलो.

गेल्या शनिवारच्या पानावर शेवटची ओळ लाल शाईत होती. ‘अनुक्रमांक सात. आपल्याकडून आलेली नोंद: सांगली, विश्रामबाग, जुने घर, विक्रीचा दर. आमच्याकडे याची जोडनोंद नाही. खुलासा करावा.’

बायकोवर ढकलावं, तर तिचं खातं वेगळं. मी बराच विचार करून लिहिलं, “दादा, ते चुकून आलं असणार. सिंकचा काहीतरी घोळ आहे.”

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर यायला वेळ लागला. ते एका बोटानं टाइप करतात आणि विरामचिन्हं गाळत नाहीत.

“सिंक बरोबर आहे. तपासले. रविवारी ये, बोलू. येताना लाल रिफिल आण.”